दगड चढणारा आरसी ट्रक: काय बदलायचं, कुठे बदलायचं आणि का

दुकानातून आणलेला रिमोटचा (आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल) ट्रक सपाट मैदानावर झकास पळतो. तोच ट्रक विटेएवढ्या दगडासमोर उभा करा. पुढची चाकं दगडाला टेकतात, आपण थ्रॉटल दाबतो, चाकं जागच्या जागी घासत फिरतात. आणखी थोडं दाबलं की नाक वर उठतं आणि ट्रक पाठीवर पडतो. इथे बहुतेक जण ठरवून टाकतात की मोटर कमी पडतेय. मग मोठी मोटर येते आणि ट्रक आधीपेक्षा जोरात उलटतो.

खरं तर दगड चढायला ताकद फार थोडी लागते. तीन किलोचा ट्रक ६० अंशांच्या चढावर ताशी एक किलोमीटरच्या चालीने न्यायचा असेल, तर निव्वळ चढण्यासाठी साधारण ७ वॉट पुरतात. गिअर, बेअरिंग आणि टायरमध्ये वाया जाणारी शक्ती त्यात धरली तरी साधी ५४० मापाची मोटर याच्या कितीतरी पट देऊ शकते. अडतं ते तोल, पकड आणि सावकाशपणा या तीन ठिकाणी. ट्रकमध्ये करायचा कुठलाही बदल या तीनपैकी कशासाठी आहे, हे आधी स्वतःला विचारावं. उत्तर मिळालं नाही तर तो पार्ट तूर्तास घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा खेळ अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल, युटातलं मोआब अशा ठिकाणी खऱ्या जीप घेऊन खडक चढायचा नाद तिथे जुना आहे, आणि त्याच नादाची छोटी आवृत्ती आरसीवाल्यांनी उचलली. सुरुवातीला क्रॉलर, म्हणजे सावकाश दगड चढणारी आरसी गाडी, तयार मिळत नव्हती. तामिया कंपनीचा १९८७ सालचा क्लॉड बस्टर हा मॉन्स्टर ट्रक लोकांनी हाताशी धरला, कारण त्याच्या दोन्ही ॲक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाकं वळत होती. त्याची मूळ चॅसी, म्हणजे सांगाडा, काढून घरी कापलेली चॅसी बसवायची, असा तेव्हाचा मामला होता. नंतर ॲक्सियल कंपनीने तयार क्रॉलर आणले. २०१६ मध्ये तिची एससीएक्स-१० टू आली, २०१७ मध्ये ट्रॅक्सास कंपनीची टीआरएक्स-४. पुढचं सगळं विवेचन या १:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश लांबीच्या, गाड्या समोर ठेवून केलं आहे. हिशेबाला एससीएक्स-१० टूचा ३१३ मिलिमीटरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, धरू.

तोल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल

चढावर गाडी मागे कधी उलटते? तिच्या गुरुत्वमध्यातून सरळ खाली सोडलेली रेषा मागच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेली की. म्हणजे दोनच मापं महत्त्वाची: गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि मागच्या ॲक्सलपासून किती पुढे आहे.

आकडे घालून पाहू. वजन पुढे-मागे निम्मंनिम्मं असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या १५६ मिमी पुढे येतो. त्याची उंची १०० मिमी असली, तर ट्रक साधारण ५७ अंशांवर उलटतो. आता तोच ट्रक, पण ६० टक्के वजन पुढे आणले आणि गुरुत्वमध्य ८० मिमीवर उतरवला. उलटण्याचा कोन ६७ अंशांवर जातो. मोटरला हातही न लावता दहा अंश मिळाले.

उलटण्याच्या बऱ्याच आधी आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सपाटीवर पुढे-मागे सारखं वजन असलेला तो पहिला ट्रक ४५ अंशांच्या चढावर आला की दगडावर पडणाऱ्या दाबापैकी फक्त १८ टक्के पुढच्या चाकांवर उरतो, बाकी ८२ टक्के मागे. पुढची चाकं नावालाच टेकलेली असतात. ती ना ओढतात, ना नीट वळवतात. दुसऱ्या ट्रकमध्ये त्याच चढावर पुढे जवळपास ३५ टक्के दाब राहतो, म्हणजे पकड दुपटीच्या आसपास. गडाची उभी चढण चढताना आपण कमरेत पुढे वाकतो, त्यामागचं कारण हेच आहे.

वजन खाली आणि पुढे कसं न्यायचं? सर्वात खाली काय असतं, तर चाकं आणि ॲक्सल. त्यामुळे तिथे जड पार्ट बसवतात. पितळेचे स्टिअरिंग नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा), पितळेची डिफ कव्हर (ॲक्सलच्या मधल्या गिअरवरचं झाकण), चाकाच्या आत बसणारी पितळेची कडी असे पार्ट तयार मिळतात, आणि आरसीवाले त्यांना सरसकट ‘ब्रास’ म्हणतात. पितळेची घनता साधारण ८.५, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे त्याच मापाचा पार्ट पितळेत तिपटीहून जड होतो. म्हणूनच चमकदार रंगाचे ॲल्युमिनियमचे पार्ट ॲक्सलवर लावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मजबुती मिळते, पण जिथे वजन हवं तिथे मिळत नाही.

खऱ्या मोटारींबद्दल वाचलेल्यांना हे उलटं वाटेल. तिथे स्प्रिंगखालचं वजन, म्हणजे चाकं आणि ॲक्सल, जितकी हलकी तितकी चांगली मानतात. त्याचं कारण वेग. ताशी ८० किलोमीटरला खड्ड्यावरून जाताना जड चाक उसळलं की लवकर परत टेकत नाही. क्रॉलर माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालतो. चाक उसळायला वेळच नसतो, त्यामुळे तो नियम इथे लागू होत नाही.

पितळ महाग पडत असेल तर मोटारीच्या टायरच्या दुकानात जा. व्हील बॅलन्सिंगसाठी ते मागे गोंद असलेल्या वजनांच्या पट्ट्या वापरतात. त्या रिमच्या आतल्या कडेने गोल चिकटवायच्या. चिकटवण्याआधी रिम स्पिरिटने पुसा, नाहीतर पट्टी फोमच्या घर्षणाने सुटते आणि आत खडखडत राहते. पुढच्या प्रत्येक चाकात १०० ते १५० ग्रॅम आणि मागच्या चाकात त्याच्या निम्म्यापेक्षा कमी, इथून सुरुवात करावी. पट्ट्या शिशाच्या असतील तर काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि त्या लहान मुलांच्या हाती देऊ नका.

बॅटरी हा ट्रकमधला सर्वात जड सुटा तुकडा. कितीतरी ट्रकमध्ये ती मागे किंवा वर असते. ती पुढच्या ॲक्सलच्या जवळ, शक्य तितकी खाली आणली की फुकटात पुष्कळ साधतं. त्याच वेळी वरचं वजन काढा. छतावरचा रॅक, त्यावरचे डबे, जाड प्लॅस्टिकची बॉडी, हे सगळं गुरुत्वमध्य वर ओढतं. दिसायला हुबेहूब ट्रक हवा असेल तर ते ठेवावं, त्यात काही चूक नाही. फक्त तेवढे अंश आपण देऊन टाकतोय याची जाणीव असावी. चढाईच हवी असेल तर पातळ लेक्झानची (पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची) बॉडी घ्या.

मोजायला खास काही लागत नाही. पुढची दोन चाकं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या वह्यांच्या थप्पीवर. काट्यावरचा आकडा भागिले ट्रकचं एकूण वजन, हा पुढचा वाटा. उंचीसाठी एक फळी घ्या, तिच्यावर सँडपेपर चिकटवा, मागच्या टायरमागे एक पट्टी ठोका, ट्रक उभा करा आणि फळीचं पुढचं टोक हळूहळू उचला. पुढची चाकं सुटतात तो कोन मोबाइलवर पाहून लिहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर हे पुन्हा केलं की कुठल्या पैशाने किती अंश मिळाले ते कळतं.

टायर आणि त्याच्या आतला फोम

चांगला क्रॉलर दगडाची कड चढत असताना एकदा डोळे जमिनीला लावून पाहा. टायर कडेला टेकतो, त्याची बाजू थोडी फुगते, मधला भाग आत दबतो आणि रबराचे गठ्ठे एकेक करून कडेवर वाकून पलीकडे जातात. एक गठ्ठा सटकतो, पण तोवर पुढचा बसलेला असतो. ट्रक थांबल्यासारखा दिसतो आणि तरीही वर जात असतो. हे घडायला टायर मऊ लागतो, आणि त्याला आत दबायला जागा लागते.

रबर दोन कारणांनी धरतं. एक म्हणजे साधं घर्षण. अगदी गुळगुळीत ४५ अंशांच्या उतारावर नुसतं टिकून राहायला घर्षणांक १ लागतो. कडक, खेळण्यातल्या टायरला तो मिळत नाही. दुसरं म्हणजे मऊ रबर दगडाच्या खरखरीत पृष्ठभागात बसतं आणि अडकतं. म्हणून क्रॉलरचे टायर मुद्दाम मऊ रबराचे करतात. ते लवकर झिजतात, डांबरी रस्त्यावर तर खोडरबरासारखे संपतात. पण सपाट रस्त्यावर ट्रक पळवायचाच नाही, तेव्हा हा सौदा मला मान्य आहे.

आरसी क्रॉलरच्या टायरमध्ये हवा भरत नाहीत; आत फोमचं कडं असतं. रिमला किंवा टायरला बारीक छिद्रं असतात, म्हणजे टायर दबला की आतली हवा बाहेर जाते. छिद्रं बुजलेली असतील तर टायर दबण्याऐवजी उड्या मारतो. चिखलातून आल्यावर ही छिद्रं टाचणीने मोकळी करायची सवय ठेवा.

टायर चांगला असूनही ट्रक चढत नाही, याचं कारण बऱ्याचदा हा फोम असतो. टायरबरोबर फुकट येणारा फोम एकसारखा असतो: फार कडक असला तर टायर दगडावर बसत नाही, फार मऊ असला तर आडव्या उतारावर टायरची बाजू कोसळते आणि ट्रक दरीकडे झुकतो. यासाठी दोन थरांचे फोम मिळतात. बाहेरचा थर मऊ, त्यामुळे टायर दगडाचा आकार घेतो. आतला कडक, त्यामुळे वजन पेलतं. ते मिळाले नाहीत तर मूळ फोमच्या बाहेरच्या कडेतून कात्रीने थोड्या थोड्या अंतरावर त्रिकोणी खाचा काढून पाहा. पुढच्या टायरसाठी जास्त, मागच्यासाठी कमी. हे करता यावं म्हणून बीडलॉक रिम घ्यावेत. त्यात टायर गोंदाने चिकटवलेला नसतो, स्क्रूने आवळलेल्या कड्यात धरलेला असतो, त्यामुळे हवा तेव्हा उघडून आतलं वजन आणि फोम बदलता येतो.

मोठा टायर घेण्याचा मोह आवरावा. व्यास ११० मिमीवरून १२० मिमी केला की ॲक्सलखाली ५ मिमी मोकळी जागा मिळते हे खरं, पण ट्रकही तेवढाच उंच होतो, आणि मोटरच्या प्रत्येक फेऱ्यामागे तो ९ टक्के जास्त अंतर कापतो. म्हणजे गिअर उंचावल्यासारखं होतं. त्याची भरपाई गिअरमध्ये करावी लागते.

हळू चालण्याचं गणित

मोटरच्या दांड्यावर असतो तो छोटा गिअर म्हणजे पिनियन. तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो तो स्पर. त्यानंतर गिअरबॉक्स आणि शेवटी ॲक्सलमधले गिअर. या सगळ्यांचे भाग एकमेकांनी गुणले की मोटरच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते ते मिळतं.

समजा स्पर ५६ दातांचा, पिनियन १४ चा. भाग आला ४. गिअरबॉक्सचे ३ आणि ॲक्सलचे ३ धरले तर एकूण ३६. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल आणि टायर १२० मिमीचा असेल, तर पूर्ण वेग येतो ताशी साधारण ९.४ किलोमीटर. आता फक्त पिनियन १० दातांचा केला. एकूण ५०.४, आणि वेग ताशी ६.७ किलोमीटर. पिनियन हा सर्वात स्वस्त पार्टांपैकी एक आहे आणि तो बदलायला मोजकेच स्क्रू सैल करावे लागतात. वेग कमी झाला, चाकावरचा जोर वाढला, मोटर कमी तापली आणि थ्रॉटलवर बोटाची बारीक हालचाल करायला जास्त जागा मिळाली. बदलताना पिनियन आणि स्परमध्ये कागदाची एक पातळ पट्टी धरून अंतर ठेवा, स्क्रू आवळा, मग पट्टी फिरवून काढा. फार घट्ट बसवलेले गिअर किंचाळतात, सैल बसवलेले दात खातात.

ब्रश असलेल्या मोटरवर ‘३५ टर्न’, ‘५५ टर्न’ असं लिहिलेलं असतं. ते आतल्या तारेचे वेढे. वेढे जास्त म्हणजे मोटर हळू, कमी करंटमध्ये जास्त पीळ देणारी आणि सुरुवातीला गुळगुळीत. दगडासाठी ३५ ते ५५ च्या आसपासची मोटर योग्य. ब्रशलेस मोटर घ्यायचीच असेल तर एक गोष्ट बघून घ्या. साध्या ब्रशलेस मोटरमध्ये सेन्सर नसतो. आतलं चुंबक कुठे आहे हे कंट्रोलर त्याच्या फिरण्याने निर्माण होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. चुंबक थांबलेलं असताना ते व्होल्टेज शून्य असतं, म्हणून कंट्रोलर चाचपडतो आणि ट्रक धक्के खात निघतो. पळणाऱ्या गाडीला याने फरक पडत नाही, दगडाच्या टोकावर मात्र तो एक धक्का ट्रक खाली पाडायला पुरतो. सेन्सर असलेली किंवा एफओसी (करंट बारकाईने सांभाळून मोटर गुळगुळीत फिरवणाऱ्या) पद्धतीने चालणारी मोटर हा त्रास देत नाही. हॉबीविंग कंपनीची फ्युजन ही अशाच प्रकारची, मोटर आणि कंट्रोलर एकाच नळकांड्यात.

कंट्रोलर म्हणजे ईएससी. त्यात क्रॉलरसाठी पाहायची गोष्ट एकच: ड्रॅग ब्रेक. थ्रॉटल सोडला की ट्रक उतारावर जिथे आहे तिथे थांबला पाहिजे. ड्रॅग ब्रेक नसेल तर ट्रक मागे घरंगळतो आणि तुम्ही पुन्हा थ्रॉटल दाबता, तोवर तो उलटलेला असतो. काही ईएससींवर यासाठी छोटा जंपर असतो, काहींना प्रोग्रॅमिंग कार्ड लागतं. नवीन ईएससी विकत घेण्याआधी आहे त्याच्यावर हा पर्याय आहे का ते माहितीपत्रकात बघा. पुष्कळदा तो असतो आणि बंद असतो.

स्टिअरिंगचा सर्व्हो आणि अचानक मरणारा ट्रक

पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलंय. तुम्ही डावीकडे वळवता. सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, गुणगुणतो, टायर थरथरतो, पण वळत नाही. कारण त्या चाकात आता आपणच घातलेलं दीडशे ग्रॅम वजन आहे, टायर मऊ आहे आणि दोन्ही बाजूंनी दगडाने धरलेला आहे. म्हणून ब्रास घातल्यावर पुढचा खर्च सर्व्होचा.

सर्व्होची ताकद किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये लिहितात. २५ किलो-सेंमी याचा अर्थ त्याच्या दांड्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो २५ किलोचा जोर लावू शकतो. दोन सेंटिमीटरवर साडेबारा. म्हणून सर्व्होचा हात उगाच लांब लावू नये. १:१० च्या ट्रकला २५ आणि त्यापुढचा सर्व्हो घ्यावा, आणि आतले गिअर धातूचे असावेत.

मोठा सर्व्हो बसवल्यावर नवाच आजार उद्भवतो. चाक अडकलं, वळवलं आणि ट्रक एक-दोन सेकंद पूर्ण मेला, मग आपोआप जागा झाला. पाहणाऱ्याला रिमोट किंवा रिसिव्हर (ट्रकमधला, रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) खराब वाटतो. कारण वेगळं असतं. सर्व्होला आणि रिसिव्हरला वीज पुरवणारा भाग, ज्याला बीईसी म्हणतात, तो ईएससीमध्येच असतो आणि साधारण दोन-तीन अँपिअर देतो. अडकलेला दणकट सर्व्हो याहून जास्त ओढतो. व्होल्टेज पडतं, रिसिव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. उपाय म्हणजे सर्व्होसाठी वेगळा बीईसी. तो थेट बॅटरीला जोडायचा, त्यातून सर्व्होची लाल आणि काळी तार काढायची, आणि सिग्नलची तार तेवढी रिसिव्हरकडे न्यायची. काळी तार रिसिव्हरच्या काळ्या तारेशीही जोडलेली राहिली पाहिजे, नाहीतर सिग्नल पोहोचत नाही. थेट बॅटरीवर चालणारे सर्व्होही आता मिळतात; तारांचा गुंता नको असेल तर तेच बरे.

सर्व्हो बसवला की रिमोटवर त्याच्या वळण्याची मर्यादा ठरवून टाका. चाक पूर्ण वळून नकलला टेकल्यावरही सर्व्हो ढकलत राहिला तर तो तापून जळतो.

चारही चाकं एकदम

रस्त्यावरच्या गाडीत डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतं. दगडावर हाच नडतो. एक चाक हवेत गेलं की सगळं फिरणं त्याच चाकाला मिळतं आणि जमिनीवरचं चाक स्वस्थ बसतं. म्हणून बहुतेक क्रॉलरचे डिफ (डिफरन्शियल) कायमचे बंद, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील असे लॉक केलेले असतात. बंद नसतील तर जुन्या छंदींनी केलं तसं आतल्या गिअरमध्ये दोन भागांचं इपॉक्सी भरून ते बंद करता येतात. टीआरएक्स-४ मध्ये ते रिमोटवरून हवे तेव्हा उघडता आणि बंद करता येतात. बंद डिफमुळे ट्रक वळायला लांब घेतो, हे सोसावं लागतं.

ते सोसणं कमी करायचा एक सुंदर उपाय आहे: ओव्हरड्राइव्ह. पुढच्या ॲक्सलमधले गिअर असे निवडायचे की मागच्या चाकांच्या १०० फेऱ्या होतात तेव्हा पुढच्यांच्या १०६ व्हाव्यात. पुढची चाकं सतत किंचित पुढे ओढत राहतात. वळणात नाक आत येतं, आणि उभ्या चढावर मागची चाकं ट्रकला पुढच्या ॲक्सलखाली ढकलून उलटवण्याऐवजी पुढची चाकं त्याला ताणून सरळ धरतात. ज्यांनी वजन, टायर आणि सर्व्हो ही कामं उरकली आहेत त्यांनी पुढचा पैसा इथे घालावा. स्पर्धेच्या गाड्यांत याच्याही पुढे जाऊन ‘डिग’ असतो: मागचा ॲक्सल रिमोटवरून लॉक करायचा आणि पुढची चाकं वळवून ओढायची, म्हणजे ट्रक मागच्या चाकांभोवती जागच्या जागी गिरकी घेतो.

पीळ

सस्पेन्शनवर लोक फार बोलतात, आणि त्यातलं बरंचसं फोटोंसाठी असतं. एक चाक उंच दगडावर, समोरचं खोल खड्ड्यात, असा फोटो छान दिसतो. पण चाकांना अमर्याद खाली लोंबू दिलं तर चढावर पुढचं सस्पेन्शन उघडतं, चॅसी वर येते आणि तोल जातो. माझ्या मते स्वतःच्या वजनाने शॉक जवळपास निम्मा दबलेला असावा, उरलेल्या निम्म्यात चाक खाली जाऊ शकावं, आणि ट्रक एकूण बसका दिसावा. स्प्रिंग मऊ, तेल पातळ. एवढ्यावर बहुतेक वाटा होतात.

त्याहून महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे टॉर्क ट्विस्ट. ट्रक उभा चढ चढत असतो, तुम्ही सरळ थ्रॉटल देता आणि चॅसी एका बाजूला कलंडते; पुढचं एक चाक हलकं होतं आणि घसरतं. प्रत्येक वेळी त्याच बाजूला. रस्ता समतल असूनही असं होतं, याचं कारण ड्राइव्ह शाफ्ट. तो ट्रकच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि ॲक्सलला एका दिशेने पिळतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे उलट दिशेचा तेवढाच पीळ चॅसीला बसतो. जोर जितका जास्त तितका पीळ जास्त. खात्री करायची असेल तर ट्रक भिंतीला नाक टेकवून उभा करा, हळूच थ्रॉटल द्या आणि समोरून बघा. बॉडी कुठे झुकते ते स्पष्ट दिसतं.

यावर छोटे इलाज आहेत: झुकणाऱ्या बाजूची स्प्रिंग थोडी आवळणं, मागे पातळ स्वे बार (गाडीचं कलंडणं कमी करणारी, दोन्ही बाजू जोडणारी सळई) लावणं, शॉकचं वरचं टोक जरा बाहेर घेणं. मोठा इलाज म्हणजे पोर्टल ॲक्सल. मर्सिडीजच्या उनिमॉग ट्रकमुळे हे नाव बऱ्याच जणांच्या कानावर असेल. टीआरएक्स-४ मध्येही तेच आहेत. यात ॲक्सलचा दांडा चाकाच्या मध्याच्या वर असतो, आणि चाकाजवळ आणखी एक गिअरची जोडी खाली उतरून चाक फिरवते. त्यामुळे डिफच्या खाली जास्त मोकळी जागा मिळते, हा सर्वांना दिसणारा फायदा. दुसरा फायदा पिळाचा. शेवटची गिअरची घट चाकाजवळ होते, म्हणून चाकाला तोच जोर द्यायला ड्राइव्ह शाफ्टला कमी पीळ सोसावा लागतो, आणि चॅसीलाही कमी बसतो. शिवाय पोर्टलची पितळी कव्हर बसवली की वजन अगदी खाली, चाकाला लागून येतं. पोर्टलचं वाईट म्हणजे गाडी उंच होते, त्यामुळे सस्पेन्शन खाली बसवावंच लागतं.

आपल्याकडचे दगड

सह्याद्रीचा काळा बसाल्ट पकडीला उत्तम आहे, जोवर तो कोरडा आहे. तुटक्या कडांचा असेल तर टायर कडेला छान बसतो. ओढ्यातला गोल, पाण्याने घासलेला बसाल्ट वेगळा. त्यावर पकड कमी, आणि तिथे रबर आणि फोमचाच कस लागतो. पावसात शेवाळ धरलं की कुठलाही टायर हरतो. कोकणातला जांभा खरखरीत आणि छिद्राछिद्रांचा आहे. त्यावर ट्रक आश्चर्यकारक कोनात चढतो, पण टायरचे गठ्ठे खरवडून निघतात.

किल्ल्यांच्या पायऱ्या, तट, मंदिराचे चौथरे यांवर क्रॉलर चालवू नये, असं मला मनापासून वाटतं. पितळ आणि लोखंड भरलेला ट्रक दगडाच्या कडा झिजवतो, आणि ते दगड पुन्हा बसवायला कुणी येणार नाही. ओढ्याकाठ, माळावरचे खडक, घराच्या अंगणात रचलेले दगड पुष्कळ आहेत. बंद पडलेल्या खाणी पावसाळ्यात टाळा; पाण्याखाली कडा किती खोल जाते ते वरून कळत नाही.

पाण्यातून आल्यावर फोममध्ये साठलेलं पाणी चाक जोरात फिरवून बाहेर काढा, चाकं काढून बेअरिंगना तेलाचा एकेक थेंब द्या. धातूवर धातूचा स्क्रू असेल तिथे निळं थ्रेडलॉक लावा, कारण दगडावरच्या कंपनांनी तेच आधी सुटतात. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी दर सेलमागे ४.२ व्होल्टपर्यंत भरते. लगेच वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवावी, चार्जरवर त्यासाठी ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, आणि चांगली बॅटरीही घरात कुणी नसताना किंवा झोपताना चार्जरला लावून ठेवू नका.